लेकीचा फोन आईला

आमच्या घरात मोबाइल आला तो जावयांच्या हातून. बीटी कापसाची ती पहिली, भरभराटीची वर्षे होती. नव्या बियाण्याला अळी शिवत नाही, असे जो तो सांगे, आणि काही हंगाम ते खरेही ठरले. रोहिणखेडच्या बाजूला जावयांचे काळे रान आहे. त्यात त्या साली कापूस असा फुटला की वेचायला माणूस मिळेना. त्याच दिवाळीत जावई आले आणि त्यांनी एक छोटा करडा मोबाइल माझ्या पत्नीच्या हातावर ठेवला. मला त्यांनी उपरणे दिले आणि वाकून नमस्कार केला. मानाची वस्तू मला मिळाली, यात शंका नाही. तरी उपरण्याची घडी मोडताना माझे लक्ष त्या दुसऱ्या वस्तूकडे होते.

त्याआधी लेकीची पत्रे येत, ती माझ्या नावाने येत. पोस्टमन मलाच हाक मारी. मी हातपाय धुऊन, चष्मा पुसून ओट्यावर बसे आणि पत्र मोठ्याने वाची. पत्नी दारात उभी राहून ऐके. तिने मध्येच काही विचारले तर मी ते वाक्य पुन्हा वाचून दाखवी. प्रारंभी ‘तीर्थरूप बाबांस’ असे, आणि आईला नमस्कार शेवटी, कागदावर जागा उरली असेल तिथे. हा क्रम मला स्वाभाविक वाटे. मुलीच्या अक्षराला वळण मी लावले होते. तिन्हीसांजेला मांडीवर बसवून स्तोत्रे मी म्हणवून घेतली होती. पाठशाळेत मी अनेकांना संस्कृत शिकवले, पण तिच्याइतके स्वच्छ उच्चार माझ्या एकाही विद्यार्थ्याचे नव्हते. ती विशेषेकरून माझी आहे, असे मी मनाशी धरून चाललो होतो, आणि मोबाइल येईपर्यंत त्याला धक्का लागण्याचा प्रसंगच आला नाही.

मोबाइल आला आणि पत्रे थांबली.

आमचे गाव हिवरा आश्रमापासून फार लांब नाही, पण घर उताराला आहे आणि टॉवर त्या वर्षांत लांब होता. बसथांब्यावर घड्याळे दुरुस्त करणारे एक मुसलमान गृहस्थ होते. वयाने माझ्याहून थोडे लहान, नमाजाला नेमाचे, जिभेला तिखट. मनगटावरची घड्याळे कमी झाली तसे ते मोबाइलच्या कामाकडे वळले होते. ते स्वतः घरी आले, मोबाइल हातात धरून माजघरात उभे राहिले, अंगणभर फिरले आणि शेवटी ओट्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात थांबले.

“गुरुजी, घरात तं टावर भेटूनच नाही राह्यला,” ते म्हणाले. “हे पहा, इथं दोन दांड्या येतात. वैनीले इथंच उभं राहा लागीन.”

“वहिनींनाच का? मी बोलणार नाही का?”

“तुमी बोला ना गुरुजी, कोन अडवते तुमाले? पन फोन कोनासाठी येईन, त्याच्यावर हाये ते.”

पत्नीने त्या कोपऱ्यात खिळा ठोकून घेतला, जुन्या साडीच्या काठाची पिशवी शिवली आणि मोबाइल तिथे टांगला.

आणि फोन कोणासाठी येतो, ते खरोखर त्याच्यावरच होते. मी उचलला की पलीकडून येई, “बाबा, नमस्कार करते. बरे आहात ना? गोळ्या घेता ना वेळेवर? आई आहे का तिथं?” पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे द्यायला ती जागाच ठेवत नसे. मोबाइल पत्नीच्या हाती जाई, आणि मग जे सुरू होई त्याला अंत नसे.

मी ऐकत असे. गोमुखीत हात असे, माळ सरकत असे, आणि कान कोपऱ्यात. पत्नीची बाजू तेवढी ऐकू येई. “मग? अंबाडीत कण्या घातल्यास का? ... नाही गं, कूट नको, गिच्च होते. ... कुठं? धान्याच्या कोठीत घातली मांजरीनं पिल्लं? मग आता हलवू नकोस तिला. ... अगं बाई. मग सासूबाई काय म्हणाल्या?” यावर दोघी हसत. पलीकडचे हसूही मला ऐकू येई, कारण ते त्या यंत्रात मावत नसे.

षड्रिपूंत मत्सराचे नाव शेवटी घेतात. शेवटी घेतात म्हणून तो धाकटा, असे मी विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही. स्वतः मात्र तसेच समजून वागत आलो होतो. पहिल्या पाचांचा आयुष्यभराच्या नेमाधर्माने काही बंदोबस्त झाला होता. हा सहावा उतारवयात, अंबाडीच्या भाजीच्या वाटेने घरात शिरेल, याची मला कल्पना नव्हती. त्या दोघी काही गहन बोलत असत्या तर मी ते सोसले असते. पण भाजीतल्या कण्या आणि मांजरीची पिल्ले यांत असे काय होते की जे मला सांगता येत नव्हते? मी तरी कण्या कधी पाहिल्या नव्हत्या का?

एकदा पत्नी मागील दारी होती तेव्हा फोन वाजला. मी ठरवूनच उचलला, आणि ‘आई आहे का’ येण्याच्या आत विचारले, “आज भाजी कोणती केलीस?”

मग ती म्हणाली, “काय?”

“भाजी. भाजी कोणती केलीस आज?”

“बाबा, आईला काय झालं?”

“आईला काहीही झालेलं नाही.”

“खरं सांगा. मी निघू का? दुपारची गाडी मिळेल मला.”

मी सहज विचारले, हे मी तिला जितके पटवू लागलो तितका तिचा आवाज कापू लागला. शेवटी पत्नी पदराला हात पुसत आली आणि तिने मोबाइल घेतला. “अगं, मी धडधाकट आहे. तुझ्या बाबांना भाज्यांची गोडी लागली आहे.” पुढे कितीतरी दिवस ती पान वाढताना गंभीर चेहऱ्याने म्हणे, “आज पडवळ आहे हो. लेकीला कळवायचं असेल तर कळवा.”

काही हंगामांनी अळी परत आली. ही गुलाबी होती. वरून बोंड हिरवेगार, धड दिसे; नखाने फोडले की आत सरकी पोखरलेली. आमच्या पंचक्रोशीतही तीच गत झाली. पारावर माणसे बोंडे फोडून एकमेकांना दाखवत. जावयांच्या मोताळ्याकडे काय झाले असेल ते न सांगताच कळण्यासारखे होते.

तेव्हापासून कोपऱ्यातले बोलणे बदलले. पत्नी माझ्याकडे पाठ करून उभी राही, तोंडावर पदर धरी, आणि पुष्कळ वेळ नुसते “हं, हं” म्हणे. मी विचारी, “काय म्हणते?”

“काही नाही. तिकडंही अळी पडली आहे.”

“ते मला ठाऊक आहे. आणखी काय?”

“आणखी काय असणार?” इतके बोलून ती सूप जवळ ओढून तांदूळ निवडू लागे.

मला काळजी वाटली, असे लिहिणे सोपे आहे, आणि ती वाटलीच. पण काळजीच्या आधी दुसरे काही मनात येऊन बसले होते: ही आपले दुःखसुद्धा आईलाच सांगते. सुखाचे वाटप मी एक वेळ सोडून दिले असते. दुःखात तरी लेकीला बापाची आठवण व्हावी, बापाने इतकी वर्षे देवापुढे बसून जे काही साठवले ते तिच्या उपयोगी पडावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नव्हती.

तिचा फोन सकाळी येई. जावई शेतात गेले आणि सासूबाई गोठ्यात असल्या म्हणजे. नेमका त्या वेळी मी सोवळ्यात, पूजेत. दिवसभर दहा हातांतून फिरणाऱ्या मोबाइलला सोवळ्यात शिवणे शक्य नव्हते. पण लोकरीला विटाळ नसतो, हे घरातल्या लहानालाही ठाऊक असते. माझी एक जुनी लोकरी धाबळी होती. तिचा तुकडा कापून मी मोबाइल त्यात नीट गुंडाळला आणि देवघरात, घंटेशेजारी ठेवला. फोन वाजेल, मी लोकरीसकट तो कानाला लावीन, पत्नी स्वयंपाकात असेल, आणि लेकीला घाईत का होईना जे सांगायचे ते मला सांगावे लागेल, असा तो विचार होता.

“तुम्ही पूजेत बोलणार?” पत्नीने विचारले.

“तुला चुलीवरून उठावे लागते. निकड असेल तर मी ऐकून घेईन.” हे मी आसनावर बसून, समोर देव असताना म्हणालो.

फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्येच्या वेळीही जवळ असावा म्हणून मी तो दिवसभर तिथेच राहू दिला. देवघर ही घरातली सर्वांत आतली खोली. भिंती मातीच्या आणि चांगल्या हातभर जाडीच्या. घड्याळवाल्यांनी ओट्याच्या कोपऱ्याचे जे माहात्म्य समजावून सांगितले होते ते मी साफ विसरलो, कारण माझ्या लेखी मोबाइल आता अधिक शुद्ध आणि म्हणून अधिक भरवशाच्या जागी होता. पत्नी दारातून विचारी, “आजही नाही का आला?” मी मान हलवी. सोवळ्यातला मोबाइल बाहेर न्यायला नको म्हणून तिने तिथेच उभे राहून लावून पाहिला, लागला नाही. रोहिणखेडकडचा टॉवर बंद पडला असणार, असे तिने ठरवले. माझा तर्क वेगळा होता. मायलेकींचे काही बिनसले असावे, असे मला वाटले, आणि बरे वाटले. ते बरे वाटणे फार लहान होते, नैवेद्याच्या वाटीत मावेल एवढे. पण पूजा संपेपर्यंत ते तिथेच असे.

मग एके दिवशी पत्नी शेजारच्या बायकांबरोबर हिवरा आश्रमात उत्सवाला गेली, आणि दुपारी घड्याळवाले दुकान तसेच टाकून आमच्या अंगणात आले.

“गुरुजी, ताईचा फोन आला व्हता माह्या दुकानात. तुमचा लागूनच नाही राह्यला म्हनते कितीक रोजापासून. लय घाबरली हाये.”

“तिच्याजवळ तुमचा नंबर कसा?” मी विचारले. याआधी विचारण्यासारखे पुष्कळ काही होते.

“पाठ हाये तिले. चाचा म्हनते ना मले लहानपनापासून.” त्यांनी खिळ्यावरच्या रिकाम्या पिशवीकडे पाहिले. “फोन कुठं हाये तुमचा?”

मी आत जाऊन तो आणला. त्यांनी धाबळीची घडी उलगडली, एक वेढा, दुसरा वेढा.

“थंडी वाजत व्हती का त्याले?”

मोबाइल त्यांनी कोपऱ्यात उंच धरला. तो काही वेळ निमूट राहिला आणि मग एकामागून एक टिणटिणू लागला, जणू अडून राहिलेली सगळी बोलणी एकदम दाराशी आली होती. ती संपतात तोच फोन वाजला. घड्याळवाल्यांनी तो माझ्या हातात दिला आणि स्वतः फाटकापर्यंत चालत जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

“आई?”

“मी आहे.”

“आई कुठं आहे?”

“हिवऱ्याला गेली आहे. संध्याकाळी येईल.”

“संध्याकाळी...” ती थांबली. मागे वारा ऐकू येत होता. ती शेतात असावी.

“मला सांग,” मी म्हणालो.

“आईनं तुम्हाला काही विचारलं नाही का?”

“काय विचारायचं होतं?”

“म्हणजे नाही विचारलं.”

मग तिने सांगितले, आधी तुटक, पुढे भराभर. कपाशीत काही उरले नव्हते. जावयांना ती उपटून, जमिनीत ओल आहे तोवर हरभरा पेरायचा होता. मजूर सांगून ठेवले होते, ते बांधावर येऊन बसले होते. पण सासूबाई शेताच्या तोंडाशी बसल्या होत्या आणि कोणाला आत जाऊ देत नव्हत्या. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी बायका शेतात झाडांची पूजा करून दह्याचा नैवेद्य दाखवतात. त्याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. ती पूजा त्यांनी यंदाही केली होती. पूजलेले, अजून हिरवे असलेले झाड उपटायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. मायलेकांचे बोलणे बंद झाले होते. जावई कालपासून जेवले नव्हते.

“ओल चालली बाबा,” ती म्हणाली. “आज-उद्यात हरभरा पडला नाही तर यंदा हे रान पडीकच राहील.”

“हे आईला केव्हा सांगितलंस?”

“झाले बरेच दिवस.”

“आणि मला नाही.”

“मीच तिला म्हटलं होतं, बाबांना एकदम विचारू नको, आधी त्यांचा कल बघ.”

“का?”

“तुम्ही नाही म्हणालात तर ते शास्त्र झालं ना, बाबा. मग मी सासूबाईंपुढं काय बोलू? आई नाही म्हणाली तर मला तिच्याशी भांडता तरी येतं.”

या उत्तरावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. इतकी वर्षे लेक आईशी मोकळी बोलते याचा मला मत्सर होता. त्या दुपारी कळले की ती आईशी भांडतेही. आणि मग मला त्या भांडणाचाही मत्सर वाटला.

पण ओल वाट पाहत नव्हती. “विहीणबाईंना दे,” मी म्हणालो.

“नमस्कार व्याहीबुवा,” विहीणबाईंचा आवाज आला. “तुमी तरी समजावा ह्या दोघाले. माह्यं तं कोनी आयकूनच नाही राह्यलं.”

“मी ऐकतो आहे, विहीणबाई. सीतादही तुम्ही केलंत?”

“मी नाही तं कोन करन? दही माह्या हातानं ठेवलं. आता त्याच झाडाले मुयासकट काऊन उपटू? देवाले उपटते का कोनी?”

“देवाला उपटत नाहीत. निरोप मात्र देतात. तुम्ही मातीचा गणपती बसवता, आरत्या करता, आणि एक दिवस अक्षता टाकून त्याला पाण्यात सोडता. तो काय राग धरतो? ज्याला बोलावले त्याला पुन्हा ये म्हणून पाठवणी करता येते. अळीने पोखरलेल्या घरात त्याला अडवून ठेवणे, हे मला तरी बरे दिसत नाही.”



“हे शास्त्रात हाये?” त्यांनी विचारले.

“विसर्जन शास्त्रात आहे. कपाशीचे नाव मी वाचलेले नाही. ते मी माझ्या शिरावर घेऊन सांगतो आहे.”

“मंग तुमीच या अन् टाका अक्षता. माह्याच्यानं नाही व्हत. अन् पह्यलं झाडबी तुमीच उपटा. उद्या गावात कोनी मले बोललं तं मी तुमचं नाव घेईन.”

“घ्या.”

“जेवाले या मंग,” त्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला. लेक पुन्हा बोलेल म्हणून मी तो कानाशी धरून उभा राहिलो होतो.

संध्याकाळी पत्नीला मी सगळे सांगितले. तिने प्रसादाची पुडी फडताळात ठेवली, खिळ्याकडे पाहिले, ओट्यावर पडलेला धाबळीचा तुकडा उचलला.

“आणि मी आपली त्या टॉवरला बोल लावत होते,” ती म्हणाली. “तिनं मला सांगितलं ते मी पोटात ठेवलं, याचा राग आला तुम्हाला?”

“राग नाही.”

“मग?”

मला तो शब्द ठाऊक होता, त्याची व्युत्पत्तीही ठाऊक होती. मी पिशवीत पंचा आणि पंचपात्री भरू लागलो. ती म्हणाली, “तिला सांगा, उद्या मी फोन करते.”

“जे सांगायचे ते मला सांग. मी तिला सांगतो.”

“तुम्हाला नाही जमायचं ते,” ती म्हणाली. रागाने नव्हे, एखाद्याला जड हंडा उचलू नका म्हणावे तसे.

पहाटेच्या गाडीने मी चिखली, बुलढाणा करीत घाट उतरलो. शेतात पोचलो तेव्हा विहीणबाई तांब्या, हळदकुंकू आणि अक्षता घेऊन आधीच उभ्या होत्या. जावई लांब होते. मजूर ओळींच्या तोंडाशी बसून तंबाखू मळत होते. सीतादही केलेल्या झाडापाशी मी आचमन केले, संकल्प सोडला, अक्षता वाहिल्या, आणि पुन्हा येण्याची विनंती केली. विहीणबाईंनी पदर पसरून नमस्कार केला. मग मी दोन्ही हातांनी बुंधा धरून ओढला.

झाड हलले नाही. कपाशीचे मूळ किती खोल जाते हे मी ऐकून होतो. हातांना ते प्रथमच कळत होते. मी पुन्हा ओढला. तेव्हा लेक पुढे आली, माझ्या हातांखाली तिने आपले हात लावले, आणि म्हणाली, “बाबा, तिरपं नका ओढू. सरळ वर.” आम्ही दोघांनी मिळून ओढले. झाड मातीसकट एकदम वर आले आणि मी मागे, मातीत, बदकन बसलो. कोणी हसले नाही. माझ्या सोवळ्याचा तो मान होता. मजूर उठले आणि ओळींत शिरले. विहीणबाईंनी धुडक्यातली भाकरी सोडली, मुलाला हाक मारली, आणि तो आला. दोघांत बोलणे असे झाले नाही, पण आईने वाढले आणि मुलगा जेवला.

तेवढ्यात लेकीच्या कमरेचा मोबाइल वाजला. “आई,” ती म्हणाली, आणि लगबगीने पलीकडच्या बांधावर जाऊन बसली. त्या शेतात रेंज तिथेच येत असावी. मी अंगावरची माती झटकत होतो. तिचा आवाज तुटक ऐकू येत होता. “हो, झालं. ... हो गं, जेवताहेत. ... नाही, त्यांनीच उपटलं. आणि मग...” इथे तिने आवाज खाली आणला, माझ्याकडे एकदा पाहिले, तोंडावर हात धरला आणि हसू लागली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नसेल. विहीणबाईही भाकरी थापटावी तसा हात गुडघ्यावर आपटून तिकडे पाहून हसल्या.

“गुरुजी, तुम्ही बसा आता सावलीत,” जावई म्हणाले. “पुढचं आम्ही बघतो.”

मी नको म्हटले. पंचा कमरेला घट्ट खोचला. मजुरांनी मधल्या ओळी धरल्या होत्या. लेक बसली होती त्या बांधाला लागून असलेली ओळ अजून मोकळी होती. ती मी धरली.